तिसऱ्यांदा जळालेली मोटार

लगदा ढवळणारी मोटार पाच महिन्यांत तिसऱ्यांदा जळाली, तेव्हा खापर फोडायला मॅनेजरला लांब जावं लागलं नाही. कागद कारखान्यातल्या जळक्या मोटारींच्या तारा काढून नव्या भरायचं काम तीस वर्षं एकाच माणसाकडे होतं. सगळे त्यांना काका म्हणत.

काकांनी वादही घातला नाही. हल्ली नीट दिसत नाही, भरताना कुठेतरी तार खरचटली असेल, असं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. मॅनेजरने त्यांना महिनाअखेरीस घरी बसायला सांगितलं.

काकांची मुलगी त्याच कारखान्यात वायरमन होती. ऐकून तिच्या डोक्यात तिडीकच गेली. ज्या माणसाने जन्मभर आपल्या कामाला कुणाला नावं ठेवू दिली नाहीत, तो मान खाली घालून निघून जातो म्हणजे काय? तिने मॅनेजरच्या मागे धोशा लावला: आधी वीज तपासून घ्या, मग बाबांना काढा. शेवटी मॅनेजरनेच हात टेकले आणि बाहेरून वीज तपासणाऱ्या बाईंना बोलावलं.

काका उलट तिच्यावरच चिडले. "कशाला उकरून काढतेस? वय झालं माझं," म्हणाले. तिला फार वाईट वाटलं. घरी मात्र त्यांची टुमणी चालूच होती. गॅस बंद केलास का, पॅनेलचे बोल्ट बघितलेस का, दाराला कडी लावलीस का. बाबा आता खरंच म्हातारे झाले, असं तिच्या मनात आलं.

बाईंनी जेवणाच्या डब्याएवढं यंत्र पुन्हा भरून बसवलेल्या मोटारीच्या पॅनेलला जोडलं. आठ दिवस ते विजेची नोंद घेणार होतं. मग त्या काकांकडे गेल्या. जळालेल्या तारा ठेवल्यात का, असं त्यांनी विचारलं. मोटार उघडली की लगेच कापून भंगारात टाकतो, असं काका म्हणाले. कशा जळाल्या होत्या? सगळ्या सारख्याच काळ्या, काका म्हणाले. बाईंनी वहीत लिहून घेतलं.

नवव्या दिवशी बाईंनी मुलीला आलेख दाखवला. सकाळी मोटारीला वीज पुरवणाऱ्या तिन्ही फेजच्या रेषा सरळ होत्या. दुपारी दोननंतर, सगळी यंत्रं जोरात चालू लागली की, एक रेष खाली घसरत होती. कधी काही सेकंद पार नाहीशी होत होती. मोटार तेवढा वेळ उरलेल्या दोन फेजवर ओढली जात होती.

मुलीचा जीव भांड्यात पडला. बाबा सुटले.

बाईंनी वीज बंद करून पॅनेल उघडायला लावलं. एका बोल्टखाली तो सैल पडू नये म्हणून घालायचं स्प्रिंग वॉशर नव्हतं. सांधा तापला की सैल पडायचा, थंड झाला की पुन्हा घट्ट लागायचा.

"मी दर वेळी सकाळी तपासलं," मुलगी म्हणाली. "घट्टच लागायचा."

"पॅनेल कुणी जोडलं होतं?"

मुलीने हातातला पाना खाली ठेवला. "मीच. मागच्या वर्षी. याच कामावर मला कायम केलं."

तिने हात पुसले आणि तशीच मॅनेजरच्या खोलीकडे निघाली. चूक माझी आहे, बाबांना काढू नका, एवढंच तिला सांगायचं होतं. नोकरी गेली तरी चालेल, असं तिने जाता जाता ठरवून टाकलं होतं. बाईंना तिचं कौतुक वाटलं.

काकांनाही सांगावं म्हणून बाई मोटारी भरायच्या खोलीत गेल्या. काका चष्मा न लावता केसासारखी बारीक तार खाचेत बसवत होते. हात जरासुद्धा थरथरत नव्हता. बाई थोडा वेळ बघत राहिल्या.

"काका," त्या म्हणाल्या, "अशी एक फेज गेली की दोन फेजच्या तारा कोळसा होतात आणि तिसरीच्या कोऱ्या राहतात. सगळ्या सारख्या जळूच शकत नाहीत. तुम्हाला हे दिसलंच नाही?"

काकांनी आधी दाराकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं.

"पहिल्याच मोटारीला दिसलं," ते म्हणाले. "पण बाई, पॅनेल माझ्या पोरीने जोडलं होतं."