पुलावर अडलेला तलवारबाज

खाण बंद पडल्यापासून डिचोलीचा ट्रकचालक कृष्णनाथ दुपारभर व्हिडिओ गेम खेळत बसे. चार दिवस त्याचा तरुण तलवारबाज एकाच पुलावर अडला होता. कोणतेही बटण दाबले तरी राक्षसाकडे पाठ करून तो पडद्याबाहेर बघत राही आणि फुकट मरे.

"मेल्या, फुडें चल रे!" कृष्णनाथ वैतागून ओरडला.

"कोणाक ओरडतात?" बायको देवकी स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"ह्याका! सारखो माझ्याकडे बघता."

शेजारी बसून देवकीने पडदा नीट न्याहाळला. "तुमच्याकडे खंय? तो तुमच्या फाटल्यान बघता."

पाठीमागे नुसती भिंत होती. कृष्णनाथ मान वळवणार, एवढ्यात राक्षसही थांबला आणि तलवारबाजाच्या शेजारी उभा राहून तिकडेच बघू लागला.

मग पडद्यावरचे ते दोघेही एकेक पाऊल मागे सरकले.