काला खट्टा

गोलेवाल्याने किसलेला बर्फ काडीभोवती दाबून घट्ट केला आणि संपदाला विचारलं, "बेबी को कौन सा?"

सात वर्षांची संपदा सरबताच्या बाटल्यांकडे बघत होती. तिची नजर काळ्या बाटलीवर आहे, हे तिच्या बापाला, यशदीपला, मागून दिसत होतं. मागच्या उन्हाळ्यात गोल बाजारातल्या याच गाडीवर तिने काला खट्टा खाऊन जीभ जांभळी केली होती आणि घरी येईल त्याला ती काढून दाखवली होती. तिने तोंड उघडलं. गळ्याची शीर ताठ झाली, ओठ पुन्हा मिटले.

"ऑरेंज," ती म्हणाली. अगदी स्वच्छ.

देवश्रीने नवऱ्याचा हात दाबला. "पाहा, एकदाही नाही अडकली. सुटली पोट्टी."

आजचा गोला त्याचसाठी होता. तीन महिने संपदा बोलताना अडखळली नव्हती. घरात त्याच्या श्रेयाची वाटणीही झाली होती. यशदीपच्या आईने, शांताबाईंनी, नातीच्या जिभेवर रोज मधात उगाळलेलं वेखंड चोळलं, देवश्रीने महामाईला नवस केला, आणि यशदीपने वर्षभर लेकीसमोर तोंड उघडलं नाही. बापाचं ऐकून ऐकूनच पोरगी तोतरी होऊन राहिली, असं त्याच्या आईने ठरवलं होतं, आणि आईशी वाद घालायचा तर तोही तोंडानेच घालावा लागतो. त्याने ते मुकाट्याने मान्य केलं.

पण आता जे झालं ते देवश्रीला कळणं शक्य नव्हतं. यशदीप या विद्येत मुरलेला होता. कॉफीचा क घशात रुतून बसतो म्हणून तो वीस वर्षं चहा पीत आला होता. बढतीच्या मुलाखतीच्या दिवशी त्याने अंगात ताप आणला होता. ऑफिसात ईमेलवर तो वाघ, आणि मीटिंगमध्ये गरीब गाय. लोक म्हणत, शांत स्वभावाचा माणूस आहे. त्याचा स्वभाव काय होता, हे त्यालाही आता आठवत नव्हतं. पोरगी बरी झालेली नव्हती. तिला फक्त चोरवाट सापडली होती, तीही सातव्या वर्षी.

संपदाने गोला चोखला. ऑरेंज औषधासारखा लागतो, असं तीच म्हणायची. तिने चेहरा जराही न हलवता घोट गिळला.

"और भैया को?" गोलेवाल्याने विचारलं.

एरवी यशदीपने बाटलीकडे बोट केलं असतं. आज त्याने हात खिशात घातले. माणूस अडखळतो, लोक बघतात, आणि तरीही त्याला हवं ते मिळतं, एवढं एकदा तिच्या कानावर पडायला हवं होतं.

"का... का... क्..."

डोळे आपोआप मिटले, मान एका बाजूला ओढली गेली. मागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या दोन मुलींचं बोलणं थांबलं. गोलेवाला भला माणूस, हातातला बर्फ तसाच धरून तो खाली बघत राहिला.

"अहो, राहू द्या ना," देवश्री हलक्या आवाजात म्हणाली. "पोरीसमोर काहून बोलून राहिले तुम्ही?"

त्याने मान हलवली आणि पुन्हा सुरुवात केली. बर्फाचं पाणी झालं तरी चालेल, पण आज तो शब्द पुरा करायचाच, असं त्याने मनाशी धरलं होतं. "का... का... का..." घाम कानामागून कॉलरमध्ये उतरला. शब्द जागचा हलेना.

कुणीतरी त्याचा शर्ट ओढला. त्याने डोळे उघडले. संपदा होती. तो खाली वाकला. तिने एकदा आईकडे बघून घेतलं, मग चिकट हात त्याच्या गालाला लावून तोंड कानाशी नेलं. आजारी माणसाशी बोलावं तशा मायेने ती आपल्या शाळेतल्या हिंदीत कुजबुजली,

"बाबा, ऑरेंज बोलो ना. वो जल्दी निकल जाता है."