रुईचं पोतं

"हे शेवटचं, पाटील," असं म्हणत सूर्यभाननं फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल पुढे सरकवलं. "रामराव फौजदाराच्या कमरेचं. पोलिसाईले नवे आले, जुने आमच्या नशिबी."

सूर्यभानचं अमरावतीतलं दुकान परवान्याचं होतं. पोलिसांनी मोडीत काढलेली हत्यारं तो लिलावात घ्यायचा, तेलपाणी करून पाटील-देशमुखांना विकायचा.

खुशालराव पाटलांनी पिस्तुलाला हात लावला नाही. त्यांनी दाराशी बाकड्यावर बसलेल्या बायकोकडे पाहिलं. बंदुकीच्या दुकानात पाटलीण कशाला येते? पण मैनाबाई आज हट्टानं बैलांच्या दमणीत बसून आली होती. मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून होती.

"बार काढून दाखव," खुशालराव म्हणाले.

सूर्यभानची रीतच होती ती. हत्यार विकत घेताना असो की विकताना, एक बार काढल्याशिवाय तो व्यवहार करत नसे. मागच्या अंगणात कापसाच्या रुईनं गच्च भरलेलं पोतं त्यासाठीच भिंतीला टेकवलेलं असे. रुई गोळीला अडवते, पण दुखवत नाही. नळीतून निघाली तशीच गोळी हाती येते. हे कळलं तेव्हापासून खुशालराव या दुकानाचा उंबरठा झिजवत होते.

त्यांचा देवीदास जंगल सत्याग्रहाच्या साली गेला. सरकारी रानातलं गवत कापायला निघालेले लोक चावडीपुढे जमले होते, आणि हे एकोणीस वर्षांचं पोरगं झेंडा बांधायला कुणाला न सांगता चावडीपुढच्या लिंबावर चढलं. खालच्या रस्त्यानं पोलीस आले. दगड उडाले, गोळ्या सुटल्या. खुशालराव गावचे पोलीस पाटील. चावडीच्या ओट्यावरून ते दोन्हीकडच्यांना थांबा, थांबा म्हणून विनवत होते. लोक पांगावेत म्हणून त्यांनी हवेत बारही काढले. त्या गलक्यात कोण कुणाचं ऐकतो? धूर विरला तेव्हा देवीदास लिंबाच्या बुडाशी पडलेला होता.

चौकशीत कुणाचाच दोष निघाला नाही. डॉक्टरला मात्र दया आली, त्यानं पोराच्या अंगातून काढलेली गोळी बापाच्या हातावर ठेवली. पिस्तुलाची गोळी होती आणि तिच्यावर एक तिरपा, खोल ओरखडा होता. नळीतच खोट असल्याशिवाय असा ओरखडा पडत नाही, हे पुढे सूर्यभाननंच सांगितलं.

त्या दिवशी आलेल्या पोलिसांपैकी तिघांकडेच पिस्तुलं होती, बाकीच्यांकडे लांब बंदुका. दोन पिस्तुलं याआधीच सूर्यभानकडे येऊन गेली होती. दोन्ही साफ निघाली. उरले रामराव फौजदार. ते आता अकोल्यात पेन्शन खात नातवंडं खेळवत होते.

"ह्या पिस्तुलाचीच निघाली तं काय करसान?" सकाळी दमणीत मैनाबाईनं विचारलं होतं.

"अकोल्याले जाईन."

"अन् मंग?"

खुशालराव बैलांकडे पाहत राहिले होते. न सांगताही तिला कळलं. तिनं तिथंच नवऱ्याचा हात लेकाची आण घालून धरला होता. "एक गेला. तुमाले फासावर पाहाची हिंमत नाही माही. ह्याची नाही निघाली तं घरातलं पिस्तूल बी तिथंच इकून टाकाचं. हा नाद सोडाचा."

ते 'हो' म्हणाले होते, कारण आज गोळी जुळणारच याची त्यांना खात्री होती.

अंगणात बार झाला. सूर्यभाननं पोत्यात कोपरापर्यंत हात घालून गोळी काढून आणली. खुशालरावांनी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं, लेकाची गोळी शेजारी धरली. फिरवून फिरवून पाहिली.

"नाही," खुशालराव म्हणाले. "साफ हाये."

मैनाबाईनं पदर तोंडात धरला, तरी हुंदका फुटलाच. चारचौघांत कधी न रडलेली बाई परक्या दुकानात ढसाढसा रडली. नवरा वाचला होता.

खुशालराव मात्र मटकन खाली बसले. इतकी वर्षं त्या रागानंच त्यांना उभं ठेवलं होतं.

"मंग कोनं मारलं माह्या लेकाले?" त्यांनी विचारलं. अगदी हळू, एखाद्यानं रस्ता विचारावा तसं.

"सोडून द्या, पाटील," सूर्यभान म्हणाला. "गेलेलं मानूस पिस्तूल सापडल्यानं परत येते का?"

मैनाबाईनं डोळे पुसले, पिशवी उघडली आणि घरचं पिस्तूल समोर ठेवलं. "हे घेऊन घ्या, भाऊ. घरात नको आता."

"हे तं माह्याच दुकानाचं," सूर्यभान म्हणाला. "असंच पोलिसाचं जुनं. तुमीच पैसे धाडून पाटलाईले घेऊन देल्लं होतं, दंग्याच्या आदल्या साली. वापरलं बी नसंन फारसं."

"कुठलं वापरते? त्या दिवसापासून संदुकीतच हाये."

सूर्यभान रीतीप्रमाणे अंगणात गेला. बार झाला. त्यानं गोळी आणून, सवयीनं, खुशालरावांच्या हातावर ठेवली. भिंग अजून त्यांच्या बोटांतच होतं. त्यांनीही सवयीनंच ते डोळ्याला लावलं.

"चाला आता," मैनाबाई उठत म्हणाली. कितीतरी वर्षांनी तिचा आवाज हलका झाला होता. "उन्हं उतरून राहिली. घरी जाऊन देवापुढं दिवा लावतो."

खुशालराव उठले नाहीत. त्यांच्या तळहातावर दोन गोळ्या शेजारी शेजारी होत्या, आणि दोन्हींवर तोच तिरपा, खोल ओरखडा होता.