पुंडलिकचं आपोआप घर

“आज बत्ती नाय पेटली तर सोलरची काच टेम्पोत घालून नेतो, भावोजी,” कृष्णकांतने सकाळीच ओटीवर बसता बसता सांगून टाकलं. “पालघरला दुसरं गिऱ्हाईक तयार हाय.”

पुंडलिकने त्याच्यापुढे पाट सरकवला. कृष्णकांत त्याच्या बायकोचा, वत्सलाचा, सख्खा भाऊ, विजेच्या सामानाचं दुकान त्याचं, आणि सोलरचं पॅनलही त्यानेच ‘वापरून तर बघा’ म्हणून दिलेलं. भांडायचं कोणाशी?

पुंडलिक बोईसरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. त्याने गच्चीवर पॅनल चढवलं, घरात बॅटरी ठेवली, मध्ये चार्ज कंट्रोलर बसवला आणि त्याच्या तारा भंगारातल्या रिलेंना, म्हणजे आपोआप चालू-बंद होणाऱ्या खटक्यांना, जोडल्या. अंधार पडला की ओटीवरची बत्ती आपोआप लागणार, बातम्यांच्या वेळी रेडिओ आपोआप बोलणार, बॅटरी उतरली की सगळं आपोआप बंद होणार. त्र्याण्णव सालच्या शिरगावात असलं घर दुसरं नव्हतं, आणि हे सांगायचं त्याने गावात कोणाला बाकी ठेवलं नव्हतं.

यातलं बंद होणं तेवढं नेमाने होत होतं.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. त्या दिवशी पुंडलिक घरी असायचा आणि बत्ती झोकात लागायची. शनिवार उजाडला की पुन्हा अंधार, तो थेट गुरुवारपर्यंत. टवाळ पोरं ओटीसमोरून जाताना मुद्दाम विजेरी मारून जात. पुंडलिकला मेल्याहून मेल्यासारखं होई.

त्याने तारा तपासल्या, रिले बदलले, आणि शेवटी बोईसरकडे बोट दाखवलं. “कामाच्या दिवशी चिमण्यांचा धूर येतो. ऊन पोचतच नाय.”

“मंग जाऊ द्या ना ती काच,” वत्सला म्हणायची. “डोक्याला ताप नुसता.”

तोंडाने असं म्हणायची, पण तो ड्युटीवरून यायच्या आत काच ओल्या फडक्याने लख्ख पुसून ठेवायची. त्याचा गुडघा दुखतो म्हणून त्याला जिनाही चढू द्यायची नाही. पुंडलिकला भरून यायचं. एवढी माया करते, आणि आपल्याला तिच्यासाठी एक बत्ती लावता येत नाही! घरात मायेला तोटा नव्हता. शेजारची दोन मांजरंसुद्धा हल्ली त्याच जिन्यावर मुक्कामाला आली होती.

कृष्णकांतने परीक्षेला मुद्दाम बुधवार निवडला. सुट्टीच्या दिवशी कोणाचंही चालतं, असं त्याचं म्हणणं. पुंडलिकने त्या दिवसाची रजा टाकली.

दुपार टळल्यावर वत्सलाने भावापुढे तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची, म्हणजे वाळवलेल्या बारीक कोलंबीची, चटणी ठेवली. त्याने बोटं चाटली.

“ताई, यंदा वाळूचा कण नाय लागत गो दाताला.”

“निवडून घेते,” वत्सला म्हणाली आणि पाणी आणायला उठली.

तेवढ्यात शेजारची जमना डोकावली. “काय गो, आज दिसभर खालीच? वर गेलीच नाय?”

“पाहुणे हायेत ना,” वत्सलाने डोळे वटारले. जमना आल्या पावली परत गेली.

सूर्य समुद्राच्या पाण्यात टेकला. कुंपणाशी बघे जमले. विजेरीवाली पोरंही आली. पुंडलिक ओटीच्या कडेला येऊन उभा राहिला. त्याने वत्सलाकडे पाहिलं, तर ती डोळे मिटून पुटपुटत होती.

आतून ‘टिक’ असा आवाज आला आणि बत्ती लागली. थोड्या वेळाने रेडिओही खरखरत बातम्या सांगू लागला.

पुंडलिकने डोळे पुसले. पोरांनी विजेऱ्या खिशात घातल्या.

“ऱ्हाऊ द्या काच, भावोजी,” कृष्णकांत म्हणाला. “मानलं तुमाला.”

“आज धूर कमी होता,” पुंडलिक म्हणाला.

“आता आजून एक पाठव,” वत्सला भावाला म्हणाली. “मोठी बघून.”

कृष्णकांतने मान डोलावली. पुंडलिकला तर आभाळ ठेंगणं झालं. बायकोला अखेर विज्ञान पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शीळ घालत ड्युटीला निघाला. तो वळणाआड होताच वत्सलाने पदर खोचला, ओल्या जवळ्याची पाटी डोक्यावर घेतली आणि गच्ची गाठली. तापायला लागलेल्या काचेवर तिने या कडेपासून त्या कडेपर्यंत जवळा सुकायला पसरला, मांजरांना हाकललं आणि कठड्यावरून हाक मारली.

“जमने, काच ऱ्हायली गो! दुसरी येतेय, तिच्यावर तुजी मांदेली सुकव!”