गोष्टीतली माय

चर्चच्या मंडळीच्या नाताळ अंकात ललिताबाईची गोष्ट छापून आली, पण शेवट पास्टरांनी बदलला होता. तिने लिहिलेली तापातली पोर आईच्या मांडीवर जीव सोडत होती. छापलेली पोर आईच्या प्रार्थनेने उठून भाकर मागत होती. “गोष्टीनं विश्वास वाढला पाहिजे, बाई,” पास्टर म्हणाले. निदान कागदावर तरी पोर जगली, म्हणून ललिताबाईने हरकत घेतली नाही.

त्याच आठवड्यात शेजारची मंजू तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन दारात आली. “दवाखाना कायले, मावशी? तुमची गोष्ट वाचली मी. तुमीच प्रार्थना करा.”

“मंजू, माही पोरगी अशीच गेली, तुह्यासमोर. ने त्याले दवाखान्यात!”

मंजूने तिच्याकडे कीव करून पाहिलं. “तवा तुमचा विश्वास कमी पडला असंन, मावशी. गोष्टीतल्या मायसारखा पाह्यजे.”