नकली गांडुळं

बहिणीला माहेरी न्यायचंच, असं ठरवून पाचोडचे काकासाहेब संभाजीनगरला आले, तेव्हा त्यांचे मेहुणे सांडूराव गॅलरीत बसून वितळलेलं प्लास्टिक छोट्या मशीनच्या पिचकारीनं साच्यात भरत होते. कंपनी बंद पडून सांडूरावांची नोकरी गेल्यापासून काकासाहेब त्यांना माणसात धरत नव्हते. थोड्या वेळानं साचा उघडला. आतून लालभडक, मऊ गांडुळं निघाली.

"हे काय, दाजी?"

"गळाला लावायचं नकली आमिष. नवी मशीन आणलीय."

काकासाहेब खो खो हसले. "आमच्या उकिरड्यात जित्ती गांडुळं फुकट हायेत! गड्यामाणसानं रबरी किडे पाडून बायको पोसायची? शरम हाय का नाय?"

सांडूराव पुढचा साचा भरू लागले. काकासाहेबांनी एक गांडूळ चिमटीत धरून बहिणीपुढं नाचवलं. "सरू, पिशवी भर. ह्या माणसापायी उपाशी मरशील."

सरूबाईनं ते गांडूळ त्यांच्या हातातून घेतलं, उजेडात धरून नीट तपासलं आणि डब्यात टाकलं.

"दादा, मशीन यांची नाय, माझी हाय. पाटल्या मोडून मी आणली. माल पार कोचीपर्यंत जातो. यांना मीच कामाला घेतलंय."

काकासाहेब डब्यातल्या गांडुळांकडं बघू लागले.

"अजून एक माणूस लागतोय," सरूबाई म्हणाली. "तुम्हाला इचारलं असतं, पण तुम्हाला कामाची सवय नाय."