नुसते मध्यस्थ

"धरलेला नेम मोडायचा नाही, मालू," आई सांगायची. स्वतः रचलेली अंगाई जर्मन साइटवर भलत्याच बाईच्या नावाने ऐकल्यावर मालविकाने नेम धरला: ती अंगाई तिथून उतरेपर्यंत गायचं नाही. साइटवाले म्हणाले, "गाणी लोक चढवतात, आम्ही नुसते मध्यस्थ." प्रकरण कोर्टात गेलं. आज खालच्या मजल्यावर गार्गीच्या बाळाचं बारसं. गार्गी इथे कतारमध्ये, दोहा शहरात नवी होती, तेव्हाच मालविकाने शब्द दिलेला, "तुझ्या बाळाला अंगाई मीच गाणार." नेम मोडावा की शब्द? दुपारी जर्मनीतून मुलीचा फोन आला. "आई, वी वन! कोर्ट म्हणालं, कळवूनही गाणं काढलं नाही, म्हणून मध्यस्थच जबाबदार. उतरलंसुद्धा!" नवरा हसला. "आपलं लग्न जमवणाऱ्या काकांना कळव गं. तेही म्हणायचे, मी नुसता मध्यस्थ!" "इश्श!" देवाला हात जोडून, घसा खाकरून मालविका हलकेच जिना उतरू लागली.